गिरावीनमधलं ल्युसर्न

हे मला आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचंय, नाहीतर माझं आज काही खरं नाही. टीमचा कॉल वीस मिनिटांत आहे आणि मी डेस्कवर बसून टाइप करत सुटलेय, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ प्लीज बघू नका.

झालं असं की आत्ता ऑफिसच्या किचनमध्ये चहा घेत होते आणि फोनवर एक फोटो आला. फोटोत दोन माणसं, दोघांच्याही पाठी. एक निळा स्वेटर, एक अबोली साडी आणि त्यावर जाडजूड जॅकेट. चेहरे नाहीतच. समोर भरपूर पाणी, पाण्यापलीकडे डोंगर. खाली दोन ओळींचा मेसेज, तो शेवटी सांगते. बाकी कुणी असा फोटो पाठवला असता तर म्हटलं असतं, काय हे, माणसं वळवून तरी घ्यायची. पण हा काकांनी पाठवलाय. आणि मी सिडनीत, पॅरामॅटाच्या ऑफिसात, मायक्रोवेव्हसमोर, चक्क रडायला लागले. टेस्टिंगमधला एक जण आत आला आणि घाबरून म्हणाला, "यू राइट, मेट?" मी म्हटलं, "या या, इट्स जस्ट अ लेक." तो लासान्या न तापवताच निघून गेला.

तर काका.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. इथून जवळच, गिरावीनला ज्या घरात मी आणि प्रज्ञा एकेक खोली घेऊन राहायचो, ते घर त्यांच्या मुलाचं. मुलगा कामासाठी बायकोपोरांना घेऊन पर्थला गेला, घर काकांवर सोडून. कोविडचं पहिलं वर्ष संपत आलं होतं तेव्हा मी खोली बघायला गेले. बेल वाजवली. दार उघडलं, उंच सडसडीत माणूस, कपाळावर सरकवलेला चष्मा. हॅलो नाही, ये बस नाही.

"पासपोर्ट, पाकीट, फोन, चष्मा?"

मी म्हटलं, "अं?"

"बाहेर पडताना हे चार आठवायचे. चष्म्यासाठी बस परत फिरत नाही."

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्यांच्या. मग कळलं. काका पुण्याच्या एका ट्रॅव्हल कंपनीत सव्वीस वर्षं टूर लीडर होते. युरोप. म्हणजे चाळीस मराठी माणसं, चाळीस सुटकेसा, खाकऱ्यांची खोकी आणि पुढे हातात लाल छत्री उंच धरून चालणारे काका. रिटायर होऊन मुलाकडे सिडनीला आले, पण टूर काही संपली नव्हती. फक्त ग्रुप छोटा झाला होता. ग्रुप म्हणजे आम्ही दोघी.

घरात सहा-सात-आठ चालायचं. सहाला वेकअप कॉल, सातला ब्रेकफास्ट, आठला डिपार्चर. लॉकडाउन! वर्क फ्रॉम होम! डिपार्चर कुठे? तर वरच्या मजल्यावरून डायनिंग टेबलापर्यंत. पण आठ म्हणजे आठ. आठ वाजून दोन मिनिटांनी मी लॅपटॉप घेऊन जिना उतरले तर काका घड्याळाकडे बघून म्हणायचे, "मंडळी, उशीर हा संसर्गजन्य रोग आहे. एकाला झाला की अख्ख्या बसला होतो." आणि कोविडच्या काळात हे ऐकणं म्हणजे.

प्रज्ञा नागपूरची. नर्सिंग करायची आणि एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, शिफ्टला जायची. सकाळी शिफ्टवरून येऊन ती बिचारी झोपायची, आणि काका दारावर टकटक टकटक. दोन दिवस तिने सहन केलं. तिसऱ्या दिवशी दार उघडून म्हणाली, "काका, आत्ताच झोपून राहिली होती ना मी. काय करून राहिले तुम्ही?" काका खाली गेले, कपाटातून एक डबा काढला, आणि त्यातलं एक कार्ड आणून तिच्या कडीला अडकवलं. 'डू नॉट डिस्टर्ब', फ्रेंचमध्ये. सव्वीस वर्षांत हॉटेलांमधून जमवलेली अशी कार्डं त्या डब्यात भरली होती. मग रोज नवीन देशाचं कार्ड लागायला लागलं. प्रज्ञा म्हणायची, "आज मी ऑस्ट्रियात झोपली."

आणि सीट रोटेशन! ज्यांनी अशा टूर केल्यात त्यांना माहीत असेल, रोज बसमधली जागा बदलते, म्हणजे एकच कुटुंब पुढची सीट बळकावत नाही. काकांनी ते जेवणाच्या टेबलाला लावलं होतं. खिडकीची खुर्ची एकच, तिथून बाहेरचं लिंबाचं झाड दिसायचं. आज माझी, उद्या प्रज्ञाची, परवा परत माझी. फ्रिजवर चार्ट. मी एकदा विचारलं, "काका, तुमचं नाव नाहीये चार्टवर?"

"लीडरला विंडो सीट नसते."

तसंच हेड काउंटचं. जेवायला बसलो की बोट नाचवत, "एक, दोन. बरोबर." मी म्हणायचे, आपण तिघं आहोत, काका. "लीडर मोजायचा नसतो. लीडर हरवला तर ग्रुपला कळतंच." हे इतक्या सहज म्हणायचे की आम्ही हसून सोडून द्यायचो. लक्षात ठेवा हां हे, पुढे लागणारे.

अजून एक म्हणजे, कुठल्याही जागेबद्दल विचारा, काका आधी तिथलं टॉयलेट सांगणार. रोम? "स्टेशनच्या आत, रांग मोठी, ज्येष्ठांना आधी सोडायचं." पॅरिस? "टॉवरच्या खाली जाऊ नका, बसमधून उतरायच्या आधीच उरकून घ्या." पॅरामॅटाला एकदा कशाला तरी जाऊन आले तर म्हणाले, "छान गाव आहे. लायब्ररीत मोफत आहे आणि स्वच्छ."

अरे हो, आणि काकू. काकूंशिवाय हे काहीच नाही.

काकू पुण्यात अडकल्या होत्या. कोविड यायच्या जरा आधी भाच्याच्या लग्नाला म्हणून गेल्या, महिन्यात परत यायच्या होत्या. मग मे महिन्यात दोघं ल्युसर्नला जाणार होते. स्वित्झर्लंडमधलं, लेकच्या काठावरचं गाव. काका तिथे बावीस ग्रुप घेऊन गेले होते आणि काकू एकदाही नाही. का, तर सीझन म्हणजे काका बाहेर आणि काकू घरी, मुलाची शाळा, सासूबाईंची औषधं. "आपण दोघंच जाऊ, ग्रुपशिवाय," असं काकांनी लग्नापासून कबूल केलेलं. शेवटी बुकिंग झालं, आणि त्याच वर्षी सगळं जग बंद झालं. ल्युसर्न गेलं. काकूंचं सिडनीचं तिकीटही गेलं. दुसरं काढलं, तेही रद्द. मग दुसऱ्या वर्षी इंडियाहून येणाऱ्या फ्लाइट्सच थांबवल्या तेव्हा तिसरं.

काकूंच्या मागे व्हिडिओ कॉलवर एक मरून बॅग दिसायची. भरलेली. कधीही निघावं लागेल म्हणून ती हॉलमध्ये उभीच असायची. दर दोन महिन्यांनी काकू त्यातलं मेतकूट, भाजणी काढून ताजं भरायच्या. आम्हीही काकूंशी बोलायचो, पण आधी नजर बॅगेकडे. बॅग आहे, म्हणजे काकू येणार.

तिसरं तिकीट रद्द झाल्यावर काही महिन्यांनी कॉल चालू होता आणि प्रज्ञाने मला कोपर मारलं. काकूंच्या मागे नुसती भिंत.

काकांनीही बघितलं होतं. "बॅग कुठे गेली?"

"सोडली," काकू म्हणाल्या. "मेतकूट शेजारी दिलं. किती दिवस भरून ठेवायची? अहो, मी आता काही येत नाही. इथे माझं बरं चाललंय. बहीण आहे, सोसायटी आहे. तुम्हालाही तिकडे सोबत आहे पोरींची."

रागाने नाही म्हणाल्या. तेच वाईट होतं. भाजी आणायची राहिली असं सांगावं तसं म्हणाल्या.

काका म्हणाले, "बघू." फोन ठेवला. आम्हाला म्हणाले, "पॅसेंजरने बॅग सोडली म्हणजे टूर संपली." आणि त्या दिवशी जेवताना कुणाला मोजलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, म्हणजे पुण्यात साडेअकराला, काका खाली आले ते टाय लावून. हातात लाल छत्री. माझ्याकडे फोन दिला. "तू कॅमेरा. चल."

"कुठे?"

"ल्युसर्नला."

तेव्हा आमच्या भागात कडक लॉकडाउन होता. घरापासून पाच किलोमीटर, व्यायामाला दिवसातून एक तास, तोंडाला मास्क. माझा लंच ब्रेक मी चारला घ्यायला लागले, मॅनेजरला सांगितलं घरातल्या सीनियर सिटिझनला चालवायचं असतं. खोटं नव्हतंच. तर त्या एका तासात काकांनी काकूंना ल्युसर्न दाखवायचं ठरवलं होतं. रोज एक ठिकाण. त्यांचा हिशोब सरळ होता: सहलीची अर्धी मजा बघून झाली की माणूस उरलेली सोडत नाही.

पहिल्या दिवशी चॅपल ब्रिज. खऱ्या ल्युसर्नमध्ये तो लाकडी पूल आहे, छप्पर असलेला, आतून चित्रं लावलेली. आमच्याकडे घराजवळच्या ओढ्यावरचा फूटब्रिज, खाली एक शॉपिंग ट्रॉली उलटी पडलेली. काकांनी छत्री उघडून डोक्यावर धरली. "हे छप्पर. मंडळी, वर बघा, त्रिकोणी चित्रं. एकदा आग लागली होती, पुन्हा बांधला."

काकू म्हणाल्या, "ती ट्रॉलीसुद्धा तिथे आहे का?"

"ट्रॉली लोकल आहे," काका म्हणाले. आणि काकू हसल्या! मी फोन हलवला इतकी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सिंह. ल्युसर्नला दगडात कोरलेला मोठा सिंह आहे, भाला लागून मरतोय असा. काका म्हणायचे, त्याला सात मिनिटं द्यायचो आम्ही. "तो मरतोय आणि लोक त्याच्यापुढे दात काढून फोटो काढतात. मी म्हणायचो, मंडळी, जरा तोंड बंद करून हसा." आता गिरावीनमध्ये सिंह कुठून आणणार? पण आमच्या मागच्या गल्लीत एका इटालियन आजोबांच्या फाटकावर सिमेंटचे दोन पांढरे सिंह बसलेत. काका त्यांच्यापुढे उभे राहून माहिती द्यायला लागले तर आजोबा मास्क सावरत बाहेर.

"व्हाय यू फिल्म माय लायन, मेट?"

"सर," काका छत्री खाली घेऊन म्हणाले, "माय वाइफ इज इन पुणे. शी हॅज कम टु सी लायन ऑफ ल्युसर्न."

आजोबांनी फोनकडे बघितलं. फोनमधून काकूंनी नमस्कार केला. आजोबा आत गेले, मला वाटलं पोलिसांना फोन करतायत. तर ओलं फडकं घेऊन आले आणि सिंहाचं तोंड पुसून दिलं. "नाऊ फिल्म."

"हा तर बसलाय," काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होता आडवा असतो."

"हा अजून दमलेला नाही," काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी माउंट पिलाटस. तिथे तो ल्युसर्नजवळचा डोंगर, आमच्याकडे प्रॉस्पेक्टची टेकडी. तिथे काकांना धाप लागली आणि केबल कारचं वर्णन त्यांनी बाकावर बसून केलं. काकू आता साडेअकराला आधीच फोन घेऊन बसायला लागल्या होत्या. कुकर लवकर उरकून. प्रज्ञा म्हणाली, "काकू येते बघ. बॅग भरते."

(कॉल सुरू झालाय. कॅमेरा बंद केलाय. मॅनेजर काहीतरी रिलीजचं बोलतोय. लिहिते पटापट.)

आता राहिला होता लेक. आणि बोट. बोटीशिवाय ल्युसर्न म्हणजे काही नाही. मी म्हटलं, लेक पॅरामॅटा! खरा लेक आहे ना आपल्याकडे. प्रज्ञाने मॅपवर आमचं पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं. लेक बाहेर. अगदी जेमतेम बाहेर, चिडायला होईल इतका जेमतेम. वर्तुळात प्रॉस्पेक्टचं धरण येत होतं, पण तिथे पाणी जाळीच्या पलीकडून बघायचं.

"जाळीला लेक म्हणत नाहीत," काका म्हणाले.

"काका, जाऊन येऊ ना पॅरामॅटाला," प्रज्ञा म्हणाली. "कोण पाहून राहिलं?"

"पेपर नसताना ग्रुप बॉर्डर ओलांडत नाही." संपला विषय.

मग लेक घरीच करायचा ठरला. मागच्या अंगणात ती कपडे वाळत घालायची गोल फिरणारी छत्रीसारखी दोरी असते ना, तिच्यावर प्रज्ञाची निळी डबलबेडची चादर टाकली. प्रज्ञा हळूहळू फिरवणार, म्हणजे लाटा. दोन खुर्च्या म्हणजे बोट. मी कॅमेरा. काका चादरीसमोर उभे राहिले, आमच्याकडे तोंड करून, छत्री वर. "मंडळी, आपण आता लेक ल्युसर्नवर आहोत."

चादर मस्त हलत होती. वाराही होता. काकू बघत राहिल्या.

"पाणी खरंच असं निळं असतं का हो?"

"असतं ना."

"असंच? चादरीसारखं?"

काका थांबले. "म्हणजे... निळं. जरा हिरवंही असेल. तर बोट एक तासाची आहे, वरच्या डेकवर वारा फार, ज्येष्ठांनी खाली बसावं, टॉयलेट जिन्याच्या मागे..."

"अहो, मी पाण्याचं विचारतेय."

प्रज्ञाने चादर फिरवायची थांबवली.

आणि काका म्हणाले, "मी बघितलं नाही गं."

"बावीस वेळा गेलात."

"गेलो. पण ग्रुप लेककडे तोंड करून उभा राहतो. लीडर ग्रुपकडे तोंड करून. कोण काठावर फार पुढे गेलंय, कोण मागे राहिलंय, ते बघत. माझी पाठच असायची लेककडे."

मी फोन धरून उभी. हात अवघडला होता पण खाली घ्यायची हिंमत नाही. कारण मला दिसत होतं ना, आत्तासुद्धा काका चादरीकडे पाठ करूनच उभे होते.

काकू म्हणाल्या, "मग तुम्ही मला काय दाखवणार होता?" आणि मग, "ठेवते. कुकर लावायचाय." कुकर तर रोज आधीच उरकायच्या.

त्यानंतरचे दिवस फार वाईट. काकूंचा फोन यायचा, पण दोन मिनिटांचा. औषध घेतलंत का, जेवलात का, ठेवते. सहा-सात-आठ बंद. मी आपली पावणेनऊला लोळत उतरायचे आणि कुणी काही बोलायचं नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्या टकटकीची इतकी आठवण आली! प्रज्ञाच्या कडीला आठवडाभर एकच कार्ड, बेल्जियम. खिडकीच्या खुर्चीचा चार्ट तसाच, जुन्या तारखांचा. एकदा मी म्हटलं, "काका, नेटवर बघू ना रंग. हजार फोटो आहेत ल्युसर्नचे." ते म्हणाले, "फोटो तिच्याकडेही आहेत, अगं. तिला मी हवा होतो सांगायला."

मी भांडी घासली.

मग ऑक्टोबरमध्ये वर्तुळ सुटलं. आमचे तिघांचे दोन-दोन डोस झालेले. ज्या सकाळी पाच किलोमीटर उठलं, त्या सकाळी प्रज्ञा शिफ्टवरून आली आणि झोपलीच नाही. सहा वाजता काकांच्या दारावर तिनेच टकटक केली.

"वेकअप कॉल, काका. आठला डिपार्चर."

आतून काही आवाज नाही. आम्ही दोघी जिन्यात बसून राहिलो. सातला ब्रेकफास्ट केला, म्हणजे मी पोहे केले, करपले. आठला एक मिनिट कमी असताना काका खाली आले. टाय नव्हता. छत्री होती. दारात थांबून पुटपुटले, "पासपोर्ट, पाकीट, फोन, चष्मा." मी आणि प्रज्ञाने एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही, इतकं जपून वागत होतो.

लेक पॅरामॅटा काही ल्युसर्न नाही. छोटा आहे, भोवती गम ट्री म्हणजे निलगिरीची झाडं, एका बाजूला पोहायची जागा. पण त्या दिवशी असं वाटत होतं की अख्खी वेस्टर्न सिडनी तिथे आलीय. पोरं, कुत्रे, बिर्याणीचे डबे, सगळे आकाशाकडे बघत हसत होते. आम्ही काठावर दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या. काका सवयीने पुढे गेले, वळले, पाण्याकडे पाठ, आमच्याकडे तोंड. हात वर जायला लागला.

प्रज्ञा उठली. तिने सरळ त्यांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीपाशी आणलं, खुर्ची पाण्याकडे वळवली आणि म्हणाली, "काका, आज रोटेशन आहे. विंडो सीट तुमची."

"अगं, लीडरला..."

"चार्टवर लिहिली मी. आता बदलत नाही."

काका बसले. छत्री मांडीवर आडवी. आणि बघत राहिले. मी किती वेळ म्हणू, चारपाच मिनिटं तरी, हा माणूस एक शब्द बोलला नाही. टॉयलेट कुठेय तेही नाही!

पुण्यात तेव्हा पहाट होती, त्यामुळे आम्ही तिथेच थांबलो. काकू उठायची वेळ होईपर्यंत करपलेले पोहे खाल्ले. मग मी फोन लावला. काकांना मागून धरलं, म्हणजे फ्रेममध्ये त्यांची पाठ आणि समोर पाणी. काकू केस बांधता बांधता आल्या.

"हे काय, कुठे आहात?"

"लेकवर," काका म्हणाले. वळले नाहीत. "थांब, सांगतो. आधी तपकिरी होता. दूध कमी पडलेल्या चहासारखा. मग ढग सरकला तर बाटलीचा हिरवा झाला. आता मधे मधे चांदी आहे. तिकडे झाडांच्या खाली तर काळाच."

"एक काय ते सांगा."

"एक नाहीये गं. तेच तर. मी बघतोय तेवढ्यात चार वेळा बदलला."

काकूंचा केसांवरचा हात थांबला होता. "आणि ल्युसर्नचा?"

"माहीत नाही," काका म्हणाले.

सव्वीस वर्षांत टूर लीडरने हे दोन शब्द कुणाला म्हटले नसतील, पैजेवर सांगते.

"खरंच माहीत नाही. तू आलीस तर दोघं बघू. नाही आलीस तर नाही बघणार. मला एकट्याला नकोय."

फोनमध्ये कोकीळ ओरडत होती, पुण्यातली. इकडे एक कुकबरा पक्षी माणसासारखा हसत होता. मला वाटलं कॉल फ्रीझ झाला. मग काकू नाक ओढून म्हणाल्या, "मेतकूट नवीन करावं लागेल आता. सगळं वाटून टाकलंय."

प्रज्ञाने इतक्या जोरात टाळी वाजवली की शेजारच्या कुटुंबाचा कुत्रा भुंकायला लागला.

दुसऱ्या दिवशीच्या कॉलला काकूंच्या मागे बॅग उभी होती.

नाताळच्या आधी आल्या काकू. एअरपोर्टवर काका लाल छत्री उंच धरून उभे, जणू चाळीस जण बाहेर येणारेत. काकू एकट्याच आल्या, ट्रॉली ढकलत, आणि पहिलं वाक्य, "खाली घ्या ती, लोक बघतायत." मेतकूट त्यांनी फॉर्मवर लिहून डिक्लेअर केलं होतं. ऑफिसरने वास घेऊन सोडलं म्हणे, त्याचा काकूंना अजून अभिमान आहे.

त्या दिवशी जेवताना काकांनी बोट नाचवलं, "एक, दोन, तीन. बरोबर." काकूंनी वरण वाढता वाढता विचारलं, "आणि तुम्ही?"

"लीडर मोजायचा नसतो."

काकूंनी फक्त वरणाची वाटी जरा जोरात ठेवली.

मग मी ऑफिसजवळ म्हणून पॅरामॅटाला राहायला आले, प्रज्ञाला ब्लॅकटाउनला जॉब लागला, कडीची कार्डं आम्ही अर्धी-अर्धी वाटून घेतली. मला ऑस्ट्रिया मिळालं नाही, अजून भांडण आहे.

आणि आज हा फोटो. दोन पाठी. कुणा अनोळखी टुरिस्टला फोन देऊन काढून घेतलेला असणार, आणि हे दोघं फोटोसाठीसुद्धा वळले नाहीत. खालचा मेसेज असा:

'ल्युसर्न. हेड काउंट: दोन.
पाण्याचा रंग सांगणार नाही. येऊन बघ.'

दोन! मी परत परत मोजतेय. एक काकू. आणि दुसरे काका स्वतः.

मॅनेजर दोनदा माझं नाव घेतोय, मला अनम्यूट करावंच लागणार. पण आधी तुम्ही सांगा. तुमच्या घरात, ऑफिसात, कुठेही, आहे का असं कुणी, जे सगळ्यांना सगळं दाखवत राहिलं आणि स्वतः मात्र कायम पाठ करून उभं होतं? आणि तुम्ही कधी त्यांची खुर्ची वळवून दिलीत का?